आकाशकंदील, जगन्नाथ आणि कोयता : इंग्रजीच्या वर्गातील उसन्या शब्दांचा इतिहास

दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा हा इंग्रजीच्या शिक्षकाला मोठा अवघड असतो. मुलांचे लक्ष वर्गात नसते, आणि शिक्षकाचेही असते असे शपथेवर सांगता येणार नाही. अशा वेळी फळ्यावर 'माय फेव्हरिट फेस्टिव्हल' असे लिहून द्यायचे, दहा ओळी लिहून घ्यायच्या आणि तास काढायचा, ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली सोय आहे. त्या दहा ओळीही ठरलेल्या. दिवाळी हा दिव्यांचा सण आहे, आम्ही नवे कपडे घालतो, आम्ही गोडधोड खातो, आम्हांला दिवाळी फार आवडते. महाराष्ट्रात ज्याने मराठी माध्यमातून शिकून इंग्रजी लिहिले त्याने हा निबंध एकदा तरी लिहिलेला असतो. त्यात खोटे काही नसते आणि खरेही फारसे काही नसते.

याच आठवड्यात वर्गात खरा आकाशकंदील आणून टेबलावर ठेवावा आणि त्याच्या नावाची चौकशी करावी, हा उद्योग मी बरीच वर्षे केला. 'आकाश' संस्कृत, त्यावर वाद नाही. 'कंदील' मात्र अरबीतून आला. अरबीत तो 'किंदील', अरबांनी तो ग्रीकांकडून घेतलेला, आणि ग्रीकांनी लॅटिन 'कांदेला' या शब्दावरून. त्याच लॅटिन शब्दावरून इंग्रजीत 'कँडल' आला. म्हणजे इंग्रजी पुस्तकातली मेणबत्ती आणि आपल्या दाराशी टांगलेला कंदील ही एकाच घरची भावंडे. एक रोमहून उत्तरेस गेले, दुसरे ग्रीस-अरबस्तान-इराण असा वळसा घेऊन कोकणपट्टीत उतरले. लॅटिन शब्दाच्या मुळाशी जो 'चमकणे' या अर्थाचा धातू आहे त्याचेच नाते आपल्या 'चंद्र' शब्दाशी आहे. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचा मुलगाही मान वर करतो, असा अनुभव आहे.

पण लगेच दुसरा मुलगा विचारतो, मग 'कँडी'सुद्धा त्यातलीच का? नव्हे. 'कँडी'चे मूळ संस्कृत 'खंड', तो फारसी-अरबी मार्गाने युरोपात गेला. खडीसाखरेचा 'खडी' त्याच कुळातला मानतात. 'शुगर'ही आपल्या 'शर्करा'वरून, आणि 'शर्करा' या शब्दाचा मूळ अर्थ बारीक खडे, वाळू. 'कँडल' आणि 'कँडी' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. (मराठी गद्याला विरामचिन्हांची शिस्त लावण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या मेजर थॉमस कँडी यांचाही या मिठाईशी संबंध नाही. असो.) सारखे दिसणारे शब्द सख्खे असतातच असे नाही, आणि सख्खे शब्द सारखे दिसतातच असेही नाही, ही गोष्ट बाराव्या वर्षी कळली तर पुढे 'व्हॅटिकन म्हणजे वाटिका' छापाच्या व्युत्पत्तींपासून माणूस वाचतो. माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा हा तास घेण्यासारखा आहे.

सणांच्या शब्दांकडे वळले की ही उसनवारी अधिक रंगतदार होते. आपण ख्रिसमसला 'नाताळ' म्हणतो तो शब्द पोर्तुगीज. वसई-गोव्याच्या वाटेने आला आणि हापूस, पाव, बटाटा, चावी, पगार यांच्या पंगतीत बसला. त्याचे लॅटिन मूळ जन्मवाचक आहे, आणि त्याच मुळापासून इंग्रजीतला 'नेटिव्ह' निघाला. साहेब ज्या शब्दाने आपल्याला हिणवी आणि आपण ज्या शब्दाने साहेबाचा सर्वांत मोठा सण ओळखतो, ते दोन्ही शब्द एकाच आईचे. 'हॉलिडे' म्हणजे मुळात पवित्र दिवस, आणि आपला 'सण' हा संस्कृत 'क्षण' या शब्दाचा वंशज. एका भाषेने सणाकडे पावित्र्याच्या बाजूने पाहिले, दुसरीने वेळेच्या. यावर कोणी तत्त्वज्ञान उभारू नये. शब्दांचे मूळ म्हणजे समाजाचे अंतरंग नव्हे. परंतु मुलांना हे सांगितले की 'हॉलिडे' या शब्दाचे स्पेलिंग पुन्हा चुकत नाही, एवढे मी पाहिले आहे.

इंग्रजांनी आपले शब्द कसे उचलले याचा सर्वांत मोठा दफ्तरखाना म्हणजे हेन्री यूल आणि आर्थर कोक बर्नेल यांचा १८८६ साली निघालेला कोश. यूल बंगालच्या इंजिनियर पलटणीतला, बर्नेल मद्रासच्या मुलकी नोकरीतला आणि संस्कृतचा गाढा अभ्यासक. बर्नेल १८८२ साली वारला, कोश पुरा झालेला त्याने पाहिला नाही. विल्यम क्रुक याने १९०३ साली त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. या कोशाचे नाव 'हॉब्सन-जॉब्सन', आणि हे नाव एका सणाच्या चुकीच्या ऐकण्यातून जन्मले. मोहरमच्या मिरवणुकीत 'या हसन, या हुसेन' असा जो आक्रोश होतो तो गोऱ्या शिपायांच्या कानांत शिरला आणि तोंडातून बाहेर पडताना 'हॉब्सन-जॉब्सन' झाला. सतराव्या-अठराव्या शतकांतील प्रवाशांच्या लिहिण्यात त्याच आक्रोशाची 'होसीन गोसीन', 'हॉसी गॉसी', 'जाक्सम बाक्सम' अशी रूपे सापडतात. करबलाच्या रणातला शोक इंग्रजी घरांतल्या दोन विदूषकी आडनावांसारखा वाजू लागला. परका शब्द आपल्या भाषेच्या ध्वनींत कोंबला जातो, त्या प्रक्रियेलाच पुढे भाषाशास्त्रज्ञ 'हॉब्सन-जॉब्सनचा नियम' म्हणू लागले.

हे नाव ऐकून आपण हसतो, तेव्हा आपण कोणाला हसतो, हे विचारण्याजोगे आहे. शिपायाच्या अडाणी कानाला? ते एक वेळ चालेल. पण शोकाची आरोळी थट्टेची वस्तू झाली, आणि ती थट्टा एका थोर कोशाच्या मुखपृष्ठावर बसली, हेही त्याच हसण्यात आहे. वर्गात मुसलमान मुले असतील तर हा शब्द शिकवताना जीभ जरा जपून वापरावी लागते. अर्थात मुलांचा दृष्टिकोन आपल्यापेक्षा निकोप असतो. एका वर्षी एका मुलीने विचारले, की आपण 'रिक्रूट'चे 'रंगरूट' केले आणि 'हू कम्स देअर'चे 'हुकुमदार' केले, ते काय वेगळे? प्रश्न बिनतोड होता. फरक एवढाच, की आपण ज्याचे 'हुकुमदार' केले त्याच्या हाती बंदूक होती.

दुसरा सण पुरीच्या रथयात्रेचा. जगन्नाथाच्या नावापासून इंग्रजीत 'जगरनॉट' झाला. चौदाव्या शतकात ओदोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन भिक्षूने दक्षिणेकडील रथोत्सवाचे वर्णन करताना भाविक चाकाखाली स्वतःला झोकून देतात असे लिहिले. ते युरोपात चघळले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी क्लॉडियस ब्युकॅनन या पाद्र्याने पुरीचे जे भीषण चित्र रंगवले त्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. मागाहून विल्यम हंटर याने १८७२ साली ओरिसावरील ग्रंथात दाखवून दिले, की रथाखालचे मृत्यू बहुतेक गर्दीतल्या अपघातांनी झालेले, आणि आत्मघात तर वैष्णव भक्तीच्या प्रकृतीलाच विरोधी. पण तोवर शब्द रुळला होता. आज इंग्रजीत 'जगरनॉट' म्हणजे वाटेत येईल त्याला चिरडत जाणारी आंधळी शक्ती, आणि विलायतेत तर अवजड मालमोटारीलाही हेच नाव. ज्याला ओडिया माणूस लाडाने 'काळिया' म्हणतो त्या देवाचे नाव तिकडे मालमोटारीला लागले. ग्रंथाने चूक सुधारली, शब्दाने सुधारली नाही. शब्दकोशात शुद्धिपत्र चालते, भाषेत चालत नाही.

तिसऱ्या शब्दाशी मात्र हसणे थांबते. 'परैया' हा इंग्रजीत बहिष्कृत या अर्थाने सर्रास चालणारा शब्द. एखाद्या देशाला इतरांनी वाळीत टाकले की वर्तमानपत्रे त्याला याच शब्दाने संबोधतात. मूळ तमिळ. 'परै' म्हणजे ढोल, आणि उत्सवांत व अंत्ययात्रांत तो वाजवणारे ते परैयर, ही व्युत्पत्ती कॉल्डवेलसारख्या द्राविडी भाषांच्या अभ्यासकाने मांडली आणि यूलनेही ती नोंदवली. युरोपात या शब्दाला लोकप्रियता मिळाली ती फ्रेंच लेखक बर्नार्दां द सँ-पिएर याच्या १७९१ मधील एका कथेने. पुढे मॅक्स वेबरसारख्या समाजशास्त्रज्ञाने त्याला पारिभाषिक दर्जा दिला. ज्यांच्या ढोलावाचून देवाची मिरवणूक निघत नव्हती, त्यांच्या जातीचे नाव जगातल्या सर्वांत बलाढ्य भाषेत 'वाळीत टाकलेला' या अर्थाचे सामान्यनाम झाले. आपल्या बातमीदारांनाही ते लिहिताना काही वाटत नाही. 'इंग्रजीने आपल्याकडून किती शब्द घेतले पाहा' असे छाती फुगवून सांगणाऱ्या तक्त्यांत 'बंगलो', 'पजामा', 'शॅम्पू' यांच्या रांगेत हाही शब्द निमूट उभा असतो. असे तक्ते मी शाळांच्या भिंतींवर पाहिले आहेत. तो तक्ता वाचणारे मूल कोणत्या वस्तीतून येते याचा विचार तो टांगणाऱ्याने केलेला नसतो.

मराठीचा स्वतःचा वाटा या देण्याघेण्यात थोडा, पण गमतीचा आहे. 'मंगूज' हा आपल्या 'मुंगूस'चा इंग्रजी अवतार. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० च्या दशकात मुंबई, सुरत, जुन्नर असा हिंडला. त्याच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात हा प्राणी आढळतो. 'गूज'चे अनेकवचन 'गीज' होते म्हणून 'मंगूज'चे 'मंगीज' करणारी मुले दर वर्षी भेटतात. त्यांना नियम सांगून उपयोग होत नाही. 'अरे, हे आपले मुंगूस आहे, त्याचा हंसाशी काय संबंध?' एवढे म्हटले की पुरते. बोंबलाचेही तसेच. 'बॉम्बे डक' हे नाव मुंबईच्या डाकगाडीला येणाऱ्या वासावरून पडले अशी गोष्ट सांगतात. मुंबईची पहिली आगगाडी १८५३ ची, आणि शब्द त्याच्या आधीच छापलेला सापडतो. तेव्हा गोष्ट चांगली, पण खोटी.

मग ही सामग्री हाताशी असताना इंग्रजीच्या वर्गात ती इतकी वर्षे का आली नाही? त्याचे उत्तर इंग्रजी शिकवण्याच्या इतिहासात आहे. १८४७ च्या सुमारास मुंबईच्या शिक्षण मंडळात अर्स्किन पेरी आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यात जो वाद झाला तो शिक्षण इंग्रजीतून द्यावे की देशी भाषेतून, यावर. या वादाने 'इंग्रजी की मराठी' अशी जी विभागणी केली ती आजतागायत आपल्या डोक्यातून गेलेली नाही. सावित्रीबाई फुल्यांच्या 'काव्यफुले' या १८५४ च्या संग्रहात इंग्रजीला माउली मानले आहे, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर 'वाघिणीचे दूध' ही उपमा सांगितली जाते, आणि त्यांनी १८८० साली काढलेल्या शाळेचे नाव न्यू इंग्लिश स्कूल. आई म्हणा की वाघीण म्हणा, इंग्रजीकडून घ्यायचे असते असेच दोन्ही उपमांत गृहीत आहे. तिला आपण काही दिले आहे, हे कोणाच्या ध्यानी नाही.

शिकवण्याची रीत म्हणाल तर ती भाषांतराची. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आपल्या आजोबा-पणजोबांनी घोटली. तिची आज थट्टा करण्याची पद्धत आहे. मला ती अन्यायाची वाटते. तर्खडकरांच्या पोथीत मराठी वाक्य इंग्रजी वाक्याच्या शेजारी बरोबरीने बसलेले असे. विद्यार्थ्याला ज्या भाषेत विचार सुचतो ती भाषा पानावर हजर असे, हे लहान काम नव्हे. तिला धक्का दिला तो 'डायरेक्ट मेथड'ने. पुढे 'रेन अँड मार्टिन' या व्याकरणामुळे घरोघरी पोचलेले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते, आणि हिंदुस्थानातील शाळांत इंग्रजी थेट पद्धतीने कसे शिकवावे यावर त्यांनी पुस्तक लिहिले. या पद्धतीत मातृभाषेला वर्गाच्या दाराबाहेर चपलांपाशी ठेवायचे. हेतू वाईट नव्हता. मुलाने इंग्रजीत विचार करावा, हा होता. पण ज्या मास्तरांनी ही पद्धत राबवायची त्यांनाच इंग्रजीत विचार करता येत नसे. त्यामुळे मराठी बाहेर गेली, आणि इंग्रजी आत आली नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपर्यंत मागे रेटली गेली, पुढे ती पाचवीवर आली, आणि जून २००० पासून रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून सुरू झाली. त्या निर्णयावर तेव्हा पुष्कळ धुरळा उडाला. तो आता बसला आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलांचे बहुभाषिक असणे ही अडचण नसून वर्गातील साधन आहे, असे स्पष्ट लिहिले. तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत मकर संक्रांत, ईद, ओणम यांवरचे धडे दिसू लागले. ही सुधारणा खरी आहे. पण धडा सणाचा असला तरी निबंध तोच राहिला, दिव्यांचा सण आणि गोडधोड. संस्कृती पुस्तकात आली, ती कॅलेंडरावरच्या चित्रासारखी, प्रत्येक सणाला एक चौकट. दसरा त्या चौकटीत सोने लुटण्याचा सण असतो. त्याच दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आलेल्या मुलाने १९५६ ची अशोक विजयादशमी कोणत्या चौकटीत लिहायची, याची सोय नसते.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

मराठवाड्यातील एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी काही दिवस सातवीला इंग्रजी शिकवण्यास गेलो होतो. दिवस दसऱ्यानंतरचे. कंदिलाचा तास घेतला, मुंगसाचा घेतला, मुले खूश झाली आणि मीही माझ्यावर खूश झालो. मग सवयीने दिवाळीवर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या. वह्यांमध्ये एक वही अशी निघाली की तिच्यात दिवे नव्हते, नवे कपडे नव्हते. मोडक्या इंग्रजीत लिहिले होते, की दिवाळीत मुकादमाचा ट्रॅक्टर येतो, माझे आईवडील एक कोयता आहेत, त्यांनी उचल घेतली आहे, ते कारखान्याला जातात, मी आणि आजी घरी. 'मुकादम', 'कोयता' आणि 'उचल' हे तीन शब्द मुलाने रोमन अक्षरांत जसेच्या तसे लिहिले होते.

मी लाल शाई उचलली. 'मुकादम' खोडून 'काँट्रॅक्टर' केले, 'उचल' खोडून 'लोन' केले, आणि 'कोयता' खोडून वर 'सिकल' लिहिले. मग वाक्य वाचून पाहिले तर त्याचा अर्थ झाला, माझे आईवडील एक विळा आहेत. तेव्हा कुठे मी थांबलो.

ऊसतोडीच्या व्यवहारात कोयता म्हणजे हत्यार तर आहेच, पण नवरा-बायकोची जोडी हाही त्याचा अर्थ आहे. उचल माणसाला मिळत नाही, कोयत्याला मिळते. एकट्याला फार तर अर्धा कोयता म्हणतात. उचल म्हणजे कर्जही नव्हे. ती पुढच्या हंगामाच्या मजुरीपोटी आधी दिलेली रक्कम, जी फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. या शब्दांना इंग्रजीत प्रतिशब्द नाहीत, कारण इंग्लंडात हा व्यवहार नाही. अशा वेळी भाषा काय करते ते यूल-बर्नेलच्या कोशात पानोपानी आहे. ती शब्द उसना घेते. ते मूल तेच करत होते. मीच दोन तासांपूर्वी ज्याचे गुणगान केले ते त्याने करून दाखवले, आणि मी त्यावर लाल रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी त्याची परवानगी घेऊन, नाव न सांगता, ते वाक्य मी फळ्यावर लिहिले आणि वर्गाला काम दिले. हे शब्द ज्याला ठाऊक नाहीत अशा परदेशी वाचकासाठी प्रत्येकाची नोंद तयार करायची. शब्द, उच्चार, कोणत्या भाषेतून आला, अर्थ किती, आणि प्रत्येक अर्थाला एकेक इंग्रजी वाक्य. 'मुकादम' अरबी आहे आणि १८८६ च्या त्या कोशात त्याची नोंद आहे, हे मी सांगितले. तो साहेबाच्या पुस्तकात आहे याचे मुलांना नवल वाटले, मग एकजण म्हणाला, 'तो असणारच, सर.' 'कोयता'वर वाद झाला. जोडीचा अर्थ आधी लिहायचा की हत्याराचा? मुलींचे म्हणणे, हत्याराचा, कारण ते आधी झाले. ज्याची वही होती तो म्हणाला, जोडीचा, कारण हत्यार विकत मिळते. 'कोपी' कशी समजवायची यावर अर्धा तास गेला. 'हट' म्हटले तर चित्रातली झोपडी डोळ्यांपुढे येते, आणि कोपीत माणसाला ताठ उभे राहता येत नाही. शेवटी एका मुलीने लिहिले, इंग्रजी तिचेच, की कोपी हे घर आहे जे आपण सहा महिन्यांनी पाठीवर घेतो.

व्याकरण सगळ्यांचेच चुकले होते. क्रियापदांना 'एस' लागला नव्हता, 'द' जिथे नको तिथे होता. त्या चुका मी नंतर घेतल्या, आणि मुलांनी त्या कुरकुर न करता सुधारल्या, कारण वाक्य आता त्यांचे होते आणि ते परक्याला कळावे अशी त्यांची इच्छा होती.

नोंदींचा कागद त्या वर्गाच्या भिंतीवर मी असेपर्यंत लावलेला होता. मी निघालो त्या आठवड्यात पटावरची बरीच मुले आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवर बसून गेली होती, काही हंगामी वसतिगृहात होती. 'जोडी' हा अर्थ पहिला ठेवायचा की दुसरा, हे ठरले नव्हते. म्हणून कागदावर दोन्हींच्या पुढे एकच आकडा होता.